लॅमिनेरियाच्या भेटीला

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी सांगते, शेवाळ पाहिलं. समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मला कमी ऐकू येत असावं असं समजून तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारतो, आणि मग स्वतःच माझ्या मदतीला येतो: "नायगारा बघितला असेल ना?" नायगारा देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मी गेले होते पश्चिम टोकाच्या बेलव्ह्यूला, लेकीकडे. पण हे सांगितलं की लोकांना माझ्याबद्दल वाईट वाटतं, म्हणून आता मी नुसती हसते. जे पाहिलं ते सगळं एकदा इथे लिहून ठेवते.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर वर्षी दिवाळीच्या आधी तपकिरी शेवाळांचा धडा यायचा आणि त्यात लॅमिनेरिया यायचं. उत्तरेकडच्या थंड समुद्रात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर वाढणारं हे केल्प, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ. खाली खडकाला धरून बसणारी मुळांसारखी बोटं, त्यावर देठ, त्यावर लांब रुंद पातं. फळ्यावर हे चित्र मी डोळे मिटूनही काढू शकले असते, आणि खरं तर तसंच काढत होते, कारण ती वनस्पती मी कधी पाहिलीच नव्हती. न पाहता शिकवणं हा काही गुन्हा नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांचं तर पोटच त्यावर चालतं.

बेलव्ह्यूला पोहोचल्यावर आठवड्याने ऋचाने, म्हणजे माझ्या लेकीने, विचारलं, "आई, तुला काय बघायचंय ते सांग. मी प्लॅन करते."

"लॅमिनेरिया."

तिने फोनमध्ये टाइप केलं. "हे डाउनटाउनला आहे का?"

एकदा उलगडा झाल्यावर मात्र तिने कंबर कसली. तिथल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या गटात तिने विचारलं की आईला समुद्रातलं केल्प बघायचं आहे, कुणाला काही माहिती? तिघांनी जपानी रेस्टॉरंटं सुचवली. एका काकांनी थायरॉईडवर लांबलचक मजकूर पाठवला. आणि एक उत्तर आलं: "मॅडम कुठल्या कॉलेजला होत्या?"

उत्तर सुजाता वाघमारेचं होतं. ती आमच्याच कॉलेजची, माझीच विद्यार्थिनी. आता तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती, आणि तीही केल्पवरच. उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोटींना किनाऱ्यावर जाऊन ती केल्पची मोजणी करायची. तिने लिहिलं, "शनिवार-रविवार मी जाणारच आहे. सोबतची मुलगी रजेवर आहे. मॅडम आल्या तर मदत होईल."

मला तिचा चेहरा आठवला नाही. पण ही अडचण मी फार मनावर घेतली नाही. माझी विद्यार्थिनी अमेरिकेत लॅमिनेरियावर संशोधन करते, हे मी त्या संध्याकाळी पुण्याच्या बहिणीला, नागपूरच्या नणंदेला आणि शेजारच्या तमिळ बाईंना सांगितलं. गुरुपौर्णिमेला अवकाश होता, तरी मनातल्या मनात मी शाल आणि नारळ स्वीकारून टाकले.

शुक्रवार

बेलव्ह्यूहून ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला जायचं तर बोटीत मोटारीसकट चढावं लागतं, आणि मग डोंगराला वळसा घालून बराच वेळ जंगलातून जावं लागतं. ऋचा ड्राइव्ह करत होती आणि मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरवत होते. संध्याकाळी आम्ही लाकूडतोडीवर जगणाऱ्या एका छोट्या गावात मोटेलवर उतरलो. समोरच्या किराणा दुकानात केल्पचं लोणचं मिळालं. केल्पच्या पोकळ देठाच्या चकत्या, व्हिनेगरमध्ये. ज्याला भेटायला आपण इतक्या लांब आलो त्याला आधी लोणच्यात भेटावं हे काही बरं नव्हे, पण चव घेतली. काकडीच्या नात्यातलं लागलं, मोहरी नसलेल्या घरात वाढलेलं.

सुजाता आली ती मोटेलच्या दारातच भेटली. तिशीची, सडपातळ, डोक्याला लोकरी टोपी. तिच्या गाडीच्या डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता आणि त्याच्याशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवलेलं.

"नमस्कार मॅडम," ती म्हणाली. वाकली नाही. मी आशीर्वादासाठी जरासा उचललेला हात चष्मा नीट करण्यासाठी वापरला.

"किती मोठी झालीस गं," मी म्हणाले. हे वाक्य न आठवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फार उपयोगी आहे.

ती हसली आणि लगेच कामाचं बोलू लागली. "पहाटे पावणेपाचला निघायचं. इथे उन्हाळ्यात मोठी ओहोटी सकाळीच लागते. आपल्याला अडीच तास मिळतील. तुमच्या मापाचे गमबूट आहेत का?"

माझ्याकडे जावयाचे होते.

"दोन जोड मोजे घाला मग. आणि मॅडम, एकच नियम आहे. समुद्राकडे पाठ करायची नाही."

मी मान डोलावली. तीस वर्षं सूचना मी देत होते. ऐकताना मान कशी डोलवायची याचा सराव नव्हता.

शनिवार

गाडी लावून जंगलातून वीस मिनिटं चालत खाली उतरलो. माणसाच्या कवेत न मावणारे देवदाराच्या जातीचे वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं हिरवं शेवाळ, पायाखाली पाणथळ वाट. किनाऱ्यावर पोहोचलो तर समुद्र दिसेना, नुसतं धुकं. वाळूवर मोठमोठे ओंडके आडवेतिडवे पडलेले, लाटांनी सोलून पांढरे केलेले. आपल्या कोकणात किनाऱ्यावर गेलं की निदान एक नारळपाणीवाला, एक कुत्रा आणि शाळेची सहल असते. इथे माणूस नावाला नव्हता आणि थंडी जूनच्या महिन्यात शेकोटी मागत होती. ऋचा थर्मास घेऊन एका ओंडक्यावर बसली आणि म्हणाली, "यू गाईज गो अहेड. मी इथून चीअर करते."

सुजाताच्या मागोमाग मी खडकांवर गेले. आधी बारीक शिंपल्यांचा खरखरीत थर, मग शिंपल्यांचे काळेनिळे गालिचे, आणि त्यांच्याही खाली, जिथे समुद्र दिवसातून फार थोडा वेळ जागा सोडतो, तिथे केल्प सुरू झालं.

मला वाटलं होतं एकदोन रोपं शोधावी लागतील. इथे खडकच दिसत नव्हता. कोबीच्या पानांसारखी जाड, चामड्यासारखी पाती एकावर एक पडली होती. कुठे कुणी सोडून दिलेल्या पिसांच्या माळांसारखे लांबच लांब पट्टे. आणि कडेला, पाण्याच्या अगदी तोंडाशी, गुडघाभर उंचीचे ताठ देठ उभे होते. प्रत्येकाच्या टोकाला तपकिरी पातं, बोटांसारखं चिरलेलं, ओलं, चकचकीत, खाली मान घालून उभं. वर्गाबाहेर काढलेली शंभरएक मुलं एकाच वेळी उभी असावीत तशी.

"हे लॅमिनेरिया," सुजाता म्हणाली.

मी खाली वाकले आणि एका पात्याला हात लावला. गार होतं, गुळगुळीत, जाड, आणि हाताला किंचित विरोध करणारं. लाट आली, सगळी पाती एकदम उठली, एका दिशेला वाहिली आणि लाट गेल्यावर पुन्हा खाली बसली. फळ्यावरचं माझं चित्र तीस वर्षं सरळ उभं होतं. त्याला कुणी हलवलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. वाऱ्यामुळे, असं मी सुजाताला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

मग काम. प्लॅस्टिकच्या नळ्यांची एक चौकट ठरलेल्या खुणांवर ठेवायची, तिच्या आत किती देठ आहेत ते मोजायचं आणि पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचं. गरम पाण्याची वर्षं येतात तेव्हा हे जंगल विरळ होतं, मग सावरतं किंवा सावरत नाही. ते कळायला दर वर्षी त्याच जागी येऊन मोजावं लागतं. दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि मग ताडून पाहायचं, अशी पद्धत होती.

"चौदा," पहिल्या चौकटीला मी म्हणाले.

"माझे अकरा. पुन्हा मोजू या."

"चौदाच आहेत. मी नीट मोजलेत."

"मॅडम, पाती मोजू नका. देठ बुडाशी धरून मोजा."

मी पुन्हा मोजले. अकरा होते. एका देठाची चिरलेली पाती मी वेगवेगळी रोपं धरली होती. परीक्षेत ही चूक मी कुणालाही माफ केली नसती.

सहाव्या चौकटीपर्यंत आमचे आकडे जुळू लागले आणि माझा आवाज परत आला. मी बोलू लागले. कॉलेज, जुने दिवस, प्रयोगशाळा. म्हणाले, "आपल्या बरणीतला नमुना आठवतो ना तुला? फॉर्मॅलिनमधला? त्याला मात्र छोटे छोटे गोळे होते. हवेचे फुगे. इथे एकालाही दिसत नाहीत. दुसरी जात असणार."

सुजाताने पेन्सिल थांबवली. "ते लॅमिनेरिया नव्हतंच, मॅडम. सरगॅसम होतं. कोकणातलं. कुणीतरी कधीतरी चुकीचं लेबल लावलेलं."

मी उकिडवी बसले होते ती तशीच राहिले. सरगॅसम मी ओळखते. मालवणला सहल नेऊन मुलांना हातात दिलं आहे. तरी तीस वर्षं मी त्या बरणीकडे पाहिलं होतं आणि लेबल वाचलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. मी जर्नलमध्ये गोळ्यांसकट चित्र काढलं होतं. जे दिसलं ते काढलं. तुम्ही त्यावर लाल फुली मारली. पुस्तकात पाहून पुन्हा काढ म्हणालात."

"अगं मग सांगायचंस ना मला."

"सांगितलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता, आकडा सांगावा तसा. "म्हटलं, मॅडम, बरणीत असंच आहे. तुम्ही सगळ्या बॅचसमोर म्हणालात, सवलतीवर प्रवेश मिळतो, डोळे सवलतीत मिळत नाहीत. सगळे हसले."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. अशा वाक्यांसाठी मी स्टाफरूममध्ये प्रसिद्ध होते. दोन तुकडे, मधे स्वल्पविराम, दुसऱ्या तुकड्यात पहिल्यातला शब्द उलटवायचा. लोक म्हणायचे, मॅडमची जीभ म्हणजे काय विचारता. मी ते कौतुक समजून घेत आले होते.

मी काही बोलणार तेवढ्यात सुजाता ओरडली, "मॅडम, लाट." बोलण्याच्या नादात माझी पाठ समुद्राकडे झाली होती. लाट फार मोठी नव्हती. कमरेइतकी आली, जावयाचे दोन्ही बूट भरले आणि मला एका खडकावर बसवून गेली. सुजाताने दंड धरून उठवलं, बूट काढून पाणी ओतलं, पुन्हा घालून दिले. तिचे हात थंडीने लाल झाले होते.

"लागलं का?"

"नाही."

"राहिलेल्या चौकटी मी करते. तुम्ही वर जाऊन बसा."

मी वर गेले. ऋचाने चहा दिला आणि विचारलं, "कसं वाटलं, आई? अमेझिंग ना?" मी म्हणाले, हो.

दुपारी पाऊस लागला. मोटेलच्या खिडकीतून समोरचा लाकडाचा अड्डा दिसत होता. ऋचाने मायक्रोवेव्हमध्ये पोहे केले. कपडे हीटरजवळ वाळत होते आणि खोलीला समुद्राचा वास लागला होता.

मी म्हणाले, "उद्या नको जाऊ या. माझा गुडघा दुखतोय."

"ओके. कॅन्सल करू. मी सुजाताला मेसेज टाकते." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तिथे काही झालं का?"

मी सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. सांगताना मी ते जरा मऊ करायचा प्रयत्न केला, पण ते मऊ होणारं नव्हतं. मला वाटलं होतं ऋचा म्हणेल, जाऊ दे गं, किती जुनी गोष्ट. ती पोह्यांत चमचा फिरवत बसली.

"तू घरीही असंच बोलायचीस," ती म्हणाली.

"तुला? कधी?"

"माझ्या दहावीच्या मार्कांवर जे म्हणाली होतीस, ते मला अजून पाठ आहे."

"काय म्हणाले होते?"

"नको ना, आई." तिने ताटल्या उचलल्या. "आणि मला तू निदान नंतर पोळीवर तूप तरी जास्त घातलंस. तिला काय?"

ताटल्या धुऊन ती परत आली तेव्हा मी म्हणाले, "मेसेज टाकू नकोस."

रविवार

धुकं नव्हतं. समुद्र स्वच्छ दिसत होता आणि पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या काळ्या सुळक्यांवर पक्ष्यांचा कालवा चालला होता. मला पाहून सुजाताला आश्चर्य वाटलं असावं. तसं दाखवलं नाही. "गुडघा?" एवढंच विचारलं. ऋचाने काही कळवलं नव्हतं, पण काल वर चढताना माझी चाल सुजाताने पाहिली असणार. तिचे डोळे पहिल्यापासूनच चांगले आहेत.

आम्ही मोजायला लागलो. मी बोलत नव्हते. नऊ, नऊ. बारा, बारा. सात, आठ, पुन्हा मोजले, सात. एका चौकटीत देठांच्या बुडाशी बोटांच्या जाळीत एक इवलासा खेकडा बसला होता, दुसऱ्या चौकटीत जांभळा तारामासा. सुजाताने त्याची नोंद वेगळ्या रकान्यात केली आणि म्हणाली, "हे मधे फार मेले होते. आता परत दिसतात कधी कधी." मी तारामाशाकडे बराच वेळ पाहत राहिले, कारण त्याच्याकडे पाहणं सोपं होतं.

शेवटची चौकट झाली. तिने कागद पाठीवरच्या पिशवीत ठेवला.

"सुजाता," मी म्हणाले, "काल तू सांगितलंस ते. आय अॅम सॉरी."

ती चौकटीच्या नळ्या सोडवत होती. "मॅडम, सॉरी आपण धक्का लागला तरी म्हणतो. इथे तर मी दिवसभर म्हणते. दुकानात, बसमध्ये."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मी मराठीत शब्द शोधू लागले. माझ्याकडे शब्दांची कधी वाण नव्हती, पण जे सुचत होतं त्या प्रत्येकात एक हलकीशी कलाटणी होती, ऐकणाऱ्याने हसावं अशी जागा होती. शंभरांतून निवडायला वेळ लागला. पाणी पुन्हा वर सरकू लागलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "चित्राचं चुकलं ते वेगळं. मी तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. तू बरोबर होतीस म्हणून नाही. तू चुकली असतीस तरी बोलायला नको होतं."

तिने नळ्या बांधल्या.

"ते वर्षभर मी प्रॅक्टिकलला मागच्या बाकावर बसले," ती म्हणाली. "बाबांना सांगितलं नाही. ते विचारायचे, मॅडम काय म्हणाल्या? मी सांगायचे, चित्र चांगलं आहे म्हणाल्या."

तिने नळ्यांची जुडी पिशवीला अडकवली.

"मला वाटायचं, कधीतरी तुम्ही असं म्हणालात तर एकदम हलकं वाटेल."

"वाटलं?"

तिने विचार केला. खरं उत्तर द्यायचं असलं की ती थांबते, हे आता मला कळलं होतं. "माहीत नाही, मॅडम. आत्ता फक्त थंडी वाजतेय."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्यावर म्हणायला माझ्याकडे काहीतरी होतं. मी ते म्हटलं नाही.

"पाणी फिरलं," ती म्हणाली. "चला."

ती पुढे निघाली. खडक निसरडे होते आणि तिने आज हात दिला नाही. मी मागितला नाही. शिंपल्यांच्या कडांना धरत, एकेक पाऊल टाकत मी वर चढू लागले. खाली लॅमिनेरियाची पाती एकेक करून पाण्यात उभी राहत होती. थोड्या वेळाने मान वर करून पाहिलं, तर सुजाता ओंडक्यांपाशी थांबली होती. मागे वळून पाहत नव्हती. पण थांबली होती.